सातूच्या माल्टसाठी चहाचा बॉयलर बदलताना या चुका टाळा

लग्नकार्यात चहाला वापरतात तो तोटीवाला स्टीलचा बॉयलर इंदूरच्या बर्तन बाजारात सहज मिळतो. बाहेरच्या देशांत घरी बिअर करणारे लोक असाच बॉयलर बदलून घेतात. त्यात ते माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवतात, मग तोच रस उकळतात. आपल्याकडे मध्यप्रदेश आबकारी अधिनियम, 1915 प्रमाणे बिअर काढायला परवाना लागतो, म्हणून माझं काम यीस्टच्या अलीकडेच थांबतं. सातूला (सियागंजात मागताना ‘जौ’ म्हणायचं) मोड आणून वाळवायचे, भरडायचे, त्याचा गोड रस काढायचा आणि आलं-लिंबू घालून थंडगार प्यायचा. ज्यांच्या घरी नाचणीचं सत्त्व होतं त्यांना यातलं निम्मं आधीच येतं. बॉयलरचं काम मात्र बिअरला आणि या रसाला एकच, आणि चुकाही त्याच.

अर्थिंग न बघता प्लग लावणं

ही चूक मी स्वतः केली. आमचं घर रामबागेतलं, जुनं. बॉयलरला नवं एलिमेंट (पाणी तापवणारी नळी) बसवून पहिल्यांदा पाणी तापत ठेवलं होतं. सासूबाई ओट्याशी आल्या, बॉयलरच्या कडीला हात लावला आणि झटकन मागे झाल्या. “अगं, याला हात लावला की मुंग्या येतायत!” मी आधी प्लग ओढला. मग टेस्टर लावून बघायचं ठरवलं आणि थांबले, इलेक्ट्रिशियनलाच बोलावलं. त्याने सॉकेटचं झाकण उघडलं आणि मला दाखवलं: वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती. “भाभीजी, अर्थ तो बोर्ड तक आया ही नहीं.” तीन पिनांचा सॉकेट दिसला म्हणजे अर्थ आहे असं मी धरून चालले होते.

अशा मुंग्यांचं कारण बहुधा एलिमेंटच्या आत असतं. नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती ओल धरते. पावसाळाभर माळ्यावर पडलेलं एलिमेंट काढून लावलं की थोडा करंट नळीतून स्टीलला येतो. अर्थ असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर हात लावणाऱ्याच्या अंगातून.

म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय हा बॉयलर चालवू नका. एमसीबी वेगळा, तो जास्त भार किंवा शॉर्ट झाला तर पडतो, माणसाला वाचवत नाही. अर्थ आणि आरसीसीबी दोन्ही असले की गळती सुरू होताच, कुणी हात लावायच्या आधीच, लाइन जाते. आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडतोय म्हणून त्याला वगळून थेट जोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एलिमेंट काढून दोन दिवस कडक उन्हात ठेवा, मग मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासून घ्या. एक मेगओहमच्या खाली असेल तर ते टाकून द्या.

3 किलोवॅटचं एलिमेंट 230 व्होल्टला 13 अँपिअर खेचतं. त्याला 16 अँपिअरचा सॉकेट आणि निदान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी. मिक्सरच्या सॉकेटला एक्स्टेंशन बोर्ड लावून हे करू नका. प्लग हाताला गरम लागला तर आत पिन सैल आहे. आणि साफ करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर बटण बंद असूनही एलिमेंटमध्ये करंट असतो. प्लग उपटूनच हात घाला.

काटा 100 वर ठेवून निघून जाणं

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. थर्मोस्टॅटचा काटा 100 वर ठेवला तर तो लाइन कधीच तोडत नाही, कारण पाणी तिथवर पोचतच नाही. 3 किलोवॅटचं एलिमेंट जोरात उकळत राहिलं की तासाला चार लिटरच्या वर वाफ उडते. फोनवर बोलत बसलात आणि रस एलिमेंटच्या खाली गेला, तर नळी लाल होते आणि काम संपतं. उकळी येताना तिथेच उभं राहा. पहिल्या उकळीला फेस दुधासारखा वर येतो, म्हणून बॉयलरचा वरचा चौथा भाग रिकामा सोडा.

उलट तक्रारही येते: उकळीच येत नाही. चहाच्या बॉयलरचा थर्मोस्टॅट पुष्कळदा उकळीच्या आधीच लाइन तोडतो, कारण चहाला तेवढंच पुरतं. तो बदलून घ्यावा लागतो. दुसरं कारण व्होल्टेज. 230 चे 200 झाले की 3 किलोवॅटचं एलिमेंट सव्वादोनवर येतं. एरवी 25 लिटर पाणी 25 अंशांवरून उकळायला 3 किलोवॅटला पाऊण तास लागतो, 2 किलोवॅटला तासाच्या वर. त्याहून फार वेळ लागत असेल तर आधी व्होल्टेज बघा, मग एलिमेंटवरचा क्षार. बोरिंगच्या पाण्याने क्षाराची पांढरी साल लवकर चढते, नर्मदेच्या नळाच्या पाण्याने त्या मानाने कमी.

माल्ट 66 अंशांवर ठेवायला साधा थर्मोस्टॅट

मोड आलेल्या सातूतलं पिष्ट गोड करणारी विकरं (एन्झाइम) 65 ते 68 अंशांत नीट काम करतात आणि 75 च्या वर मरतात. साध्या थर्मोस्टॅटचा काटा पाच-दहा अंश इकडेतिकडे हलतो, म्हणजे तुमचा रस एका वेळी गार आणि एका वेळी मेलेला. डिजिटल कंट्रोलर लावायचा तर प्रोब (तापमान मोजणारं टोक) एलिमेंटला टेकवू नका. तिथे 80 असतात तेव्हा वर 60 असू शकतात, ढवळल्याशिवाय खरा आकडा कळत नाही. कंट्रोलरच्या एसएसआरला (एलिमेंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) हीटसिंक, म्हणजे उष्णता काढून घेणारा धातूचा तुकडा, हवाच. तो बिघडतो तेव्हा बहुधा चालूच राहतो, म्हणून पुढे एक वेगळं मुख्य बटण ठेवा.

माझं मत विचाराल तर कंट्रोलरपेक्षा गोधडी बरी. पाणी 70 वर आणायचं, प्लग काढायचा, भरडलेलं माल्ट घालून ढवळायचं (तापमान आपोआप 66 च्या जवळ येतं), झाकण लावून दोन जुन्या गोधड्या गुंडाळायच्या. तासाभरात दोन-तीन अंशच उतरतात. रस गोड झाला की नाही हे बघायला बशीत दोन थेंब घेऊन टिंक्चर आयोडीन टाका. निळा-काळा झाला तर पिष्ट अजून शिल्लक आहे, अर्धा तास आणखी ठेवा. तो थेंब फेकून द्या, परत बॉयलरमध्ये नको.

सातू कढईत खरपूस भाजून घेतलेले असतील तर गोधडी काय करणार? विकरं तिथेच गेली. उन्हातच वाळवा.

करपट चव

याचं कारण बहुतेक वेळा आखूड, जास्त तापणारं एलिमेंट असतं. 11 मिलिमीटर जाडीची, 50 सेंटिमीटर लांबीची नळी 2 किलोवॅट देते तेव्हा प्रत्येक चौरस सेंटिमीटरला साडेअकरा वॅट येतात आणि साखर तिथेच चिकटून काळी पडते. तेवढ्याच वॅटची 90 सेंटिमीटरची दुमडलेली नळी घेतली तर आकडा साडेसहाच्या आत येतो. बादलीत टाकायचा रॉड या कामाला वापरूच नका. माल्ट जाळीच्या थैलीत ठेवत असाल तर खाली स्टीलची चाळणी उपडी ठेवा, थैली एलिमेंटला लागता कामा नये.

भोक आणि तोटी

अर्धा इंची बीएसपी (नळाच्या आट्यांचं एक माप) निपलला 21 मिलिमीटरचं भोक लागतं. स्टील जोरात फिरवून कापलं की जागीच कडक होतं आणि ड्रिल नुसतं घसरतं. सावकाश फिरवा, तेल टाकत राहा, दाब सोडू नका. चुंबक चिकटत नाही म्हणून भांडं 304 ग्रेडच्या चांगल्या स्टीलचं आहे असं समजू नका, हलक्या 202 लाही चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून मागा.

तोटी थेंब-थेंब गळत असेल तर आधी आटे बघा. अर्धा इंची एनपीटी (आट्यांचं अमेरिकी माप) आणि बीएसपीला इंचात 14 च आटे असतात, दोन-तीन फेरे मजेत बसतात आणि मग गळतात, कारण आट्यांचा कोन वेगळा. टेफ्लॉन टेप वाढवून हे बरं होत नाही, जोडी बदला. आतून-बाहेरून फूड ग्रेड सिलिकॉनचे वायसर लावा. एम-सील किंवा शिशाचं सोल्डर खाण्याच्या भांड्यात चालणार नाही, आणि लिंबाच्या आंबटाला पितळी तोटीही नको, पितळात शिसं असू शकतं. गार पाण्याने रात्रभर तपासा, मग उकळत्या पाण्याने परत. गरम झाल्यावर नट सैल पडतो.

झाकण उकळताना कधीही घट्ट बसवू नका, क्लिप तर नकोच. वाफ कोंडली तर भांडं फुटू शकतं. शिवाय माल्टमधला कोबी शिजवल्यासारखा वास वाफेबरोबरच जातो, झाकून उकळलं की तो रसात राहतो. बंद गीझरमध्ये वाफ कोंडते, म्हणून जुना गीझर या कामाला घेऊ नका.

काम झालं की लोखंडी तारेची घासणी लावू नका, तिचे कण अडकून स्टीलला गंज येतो. ब्लीचिंगच्या पाण्यानेही भोकं पडतात. लिटरला 20 ग्रॅम लिंबूसत्व घालून पाणी उकळवायचं, प्लग काढून अर्धा तास तसंच ठेवायचं, मग स्वच्छ धुवायचं. एलिमेंटवरची पांढरी साल फडक्याने निघून येते.