सायटेशनची यादी मी कशी काढते

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात मी चौदा वर्षं काम करते आहे. प्रमोशनची फाईल निघाली की शास्त्रज्ञ माझ्या टेबलाशी येतात. "मॅडम, तेवढी सायटेशनची यादी द्या, संध्याकाळपर्यंत." सायटेशन म्हणजे एखाद्या पेपराचा दुसऱ्या लेखात दिलेला संदर्भ. मॉलिक्युलर बायोलॉजीतल्या माणसाची यादी नीट काढायला मला दोन दिवस लागतात. ते कशात जातात, ते सांगते.

सगळ्यात जास्त वेळ नावात जातो. पबमेड या वैद्यकीय-जैविक लेखांच्या ऑनलाइन सूचीवर नुसतं 'पाटील एस' टाकून बघा. भूलतज्ज्ञ, दंतवैद्य, हाडांचे डॉक्टर, सगळे एकाच रांगेत येतात. बायकांचं आणखी अवघड. एका बाईंचे पीएचडीचे चार पेपर माहेरच्या आडनावावर होते आणि कुठल्याच यादीत ते त्यांच्या खात्यावर दिसत नव्हते. त्यात त्यांचा सर्वाधिक सायटेशनचा पेपरही होता. म्हणून आधी ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या कायमच्या ओळखीचा, सोळा अंकी क्रमांक काढून घ्या, त्याला जुन्या नावाचे पेपर जोडा, आणि मग यादी त्या माणसासमोर ठेवून एकेका पेपरवर टिक करून घ्या. हे फोनवर होत नाही, शेजारी बसूनच करावं लागतं.

मग लेखकांचा क्रम बघा. या विषयात पहिलं नाव साधारणपणे प्रयोग केलेल्या विद्यार्थ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं असतं. करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे पेपराबद्दलचा पत्रव्यवहार बघणारा लेखक कोण, तेही टिपा. चाळीस नावांच्या जीनोमच्या पेपरात मधल्या नावाने काय केलं, हे शेवटच्या 'लेखकांचं योगदान' या परिच्छेदात सापडतं. संशोधनाचे पेपर आणि रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणारे लेख, वेगळे लावा. रिव्ह्यूला सायटेशन भराभर मिळतात, त्यामुळे दोन्ही एकत्र धरले की चित्र फसवं होतं.

आता आकडा. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीच टाकलेले लेखही मोजतो, त्यामुळे तिथला आकडा बहुधा मोठा असतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे लेखसूचींचे डेटाबेस ठरावीक नियतकालिकांपुरते मोजतात. एकच निवडा आणि त्याचं नाव, तारीख लिहा. एच-इंडेक्स, म्हणजे जितक्या पेपरांना निदान तितकी सायटेशन आहेत असा सर्वांत मोठा आकडा, हाताने काढून बघाच. समजा सात पेपरांची सायटेशन २१०, ४६, १९, ९, ६, ५, १ अशी उतरत्या क्रमाने आहेत. पाचव्या पेपरला ६ आहेत, म्हणजे पाचपेक्षा कमी नाहीत. सहाव्याला ५ आहेत, म्हणजे सहा भरत नाहीत. एच-इंडेक्स ५. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने हे माप २००५ मध्ये सुचवलं. त्यात ते २१० आणि ४६ यांच्यातला फरक पार पुसला जातो. शिवाय ते वयाबरोबर वाढत जातं, म्हणून पस्तिशीतल्या माणसाला साठीतल्याशेजारी उभं करू नका. स्वतःची स्वतःला दिलेली सायटेशन वजा करून दुसरा आकडा द्या.

इम्पॅक्ट फॅक्टरचा रकाना मी यादीत ठेवत नाही. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन भागिले त्या लेखांची संख्या, असा तो हिशोब आहे. तो नियतकालिकाचा आहे, माणसाचा नाही. पेशीजीवशास्त्रज्ञांच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या बैठकीतून निघालेला 'डोरा' हा संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलचा जाहीरनामाही हेच सांगतो. समितीने मागितला तर मी त्या जाहीरनाम्याची प्रत जोडते.

आणि मोठा आकडा दिसला की तो कशाचा आहे, ते उघडून बघा. प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा पेपर तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला आहे. लेमलींच्या १९७० च्या पेपराचं शीर्षक टी-४ विषाणूच्या डोक्याबद्दल आहे, पण जग त्याला उद्धृत करतं ते प्रथिनं वेगळी करण्याच्या जेलच्या कृतीसाठी, आणि ती कृती आकृतीखालच्या मजकुरात आहे. २०१४ मध्ये सर्वाधिक उद्धृत शंभर पेपरांची यादी निघाली, त्यात वॉटसन-क्रिकचा डीएनएवरचा पेपर नव्हता.

म्हणून शेवटी मी प्रत्येकाचे तीन पेपर निवडते आणि त्यांना उद्धृत करणारे दहा-दहा लेख उघडून नेमकं वाक्य वाचते. 'यापूर्वीही पाहिले गेले आहे' म्हणून पाच नावांच्या रांगेत एक आलं आहे, की त्याच प्रयोगावर पुढचं काम उभं आहे? त्या बाईंना मी विचारलं, तुमचा स्वतःचा आवडता पेपर कोणता? त्यांनी नऊ सायटेशनचा दाखवला. त्या नऊपैकी तिघांनी यीस्टमधला तोच प्रयोग आपल्याकडे पुन्हा करून निष्कर्ष खरा असल्याचं लिहिलं होतं. ती तीन वाक्यं मी फाईलच्या पहिल्या पानावर घेतली, आणि एच-इंडेक्स दुसऱ्या.