सिनेमाबद्दल मत सांगायचं तर

‘मस्त आहे, बघच’ एवढ्यावर थांबू नका. ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. एक प्रसंग उचला. इरफान खान का आवडतो असं कुणी विचारलं, की मी ‘द लंचबॉक्स’मधला (२०१३) क्षण सांगते: तो डबा उघडतो, वास घेतो, चेहऱ्यावर जेमतेम काहीतरी हलतं. संवाद नाही, काही नाही. ‘काय अभिनय केलाय!’ म्हणण्यापेक्षा हे बरं.

गोष्ट पहिल्या अर्ध्या तासापलीकडे सांगू नका. आवडता नट फसला असेल तर तेही बोला. चाहते रुसतात, रुसू देत. फक्त दोष त्याचा की पटकथेचा, हे ताडून बघा. संवादच पोकळ असतील तर तो बिचारा काय करणार? आणि सिनेमा डुलक्या काढत पाहिला असेल, तर तसं सांगून मगच नावं ठेवा.