कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगचे नवे पार्ट बसवायच्या आधी कसे धुवायचे, सोलापूरच्या पाण्यात

नवीन रेडिएटर (गरम पाणी थंड करणारा भाग) बॉक्समधून काढला आणि तसाच लूपमध्ये, म्हणजे पाणी गोल फिरतं त्या साखळीत, जोडला, असं कृपा करून करू नका. वरून कितीही चकचकीत दिसला तरी आत घाण असतेच, आणि ती कंपनीच्या निष्काळजीपणामुळं असते असंही नाही. रेडिएटरच्या आतल्या चपट्या नळ्या सोल्डरिंग करून जोडलेल्या असतात, त्या सोल्डरिंगला फ्लक्स (सांधा नीट धरावा म्हणून लावतात ते रसायन) लागतो आणि तो थोडाफार आत चिकटून राहतो, सोबत धातूचा बारीक चुरा पण असतो. ब्लॉक, म्हणजे सीपीयूवर बसतो आणि ज्यातून पाणी जातं तो भाग, मशिनवर कापलेला असतो म्हणजे तेलाचा अंश आला, ट्यूबला आतून चिकटपणा असतो. हे सगळं पाण्यासोबत फिरत फिरत शेवटी कुठं जाऊन बसतं तर सीपीयू ब्लॉकच्या जाळीत, कारण तिथल्या तांब्याच्या पात्यांमधली फट अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते. तिथं एकदा गाळ बसला की फ्लो कमी होतो, टेंपरेचर चढायला लागतं, आणि फ्लक्स कूलंटमध्ये (लूपमध्ये शेवटी भरायच्या द्रवात) मिसळला तर रंगीत कूलंट गढूळ होतो, कधी कधी फेस पण धरतो.

आपल्याकडं तर हे जास्तच मनावर घ्यायला पाहिजे. वॉटर कूलिंग खोलीच्या टेंपरेचरच्या खाली जाऊ शकत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ च्या पुढं जातो. पंखा लावून बंद खोलीत बसलात तर मुळातच हातात मार्जिन थोडं असतं, त्यात ब्लॉक अर्धा तुंबलेला असेल तर एवढा खर्च करून उपयोग काय.

आता मुख्य गोष्ट, पाणी. धुवायला कोणता साबण वापरायचा हे सगळे विचारतात, पण शेवटचं धुणं कोणत्या पाण्यानं झालं हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरा फरक तिथंच पडतो. बोअरचं पाणी असेल तर बादलीवर, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर कसा बसतो ते घरात सगळ्यांनी बघितलंय, तोच थर ब्लॉकमध्ये नको. नळाला उजनीचं पाणी येतं ते बोअरपेक्षा बरं, पण क्षार त्यातही असतातच, शिवाय क्लोरीन असतं, आणि नळ रोज येत नाही म्हणून टाकीत साठवलेलं असतं ते वेगळंच. म्हणून मी असं सुचवेन की पहिले एक-दोन हात घरच्या आरओच्या पाण्यानं मारा आणि शेवटचे किमान दोन हात डिस्टिल्ड वॉटरनं. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नाही, टीडीएस मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून बघा, आरओला आकडा दिसतोच, चांगल्या डिस्टिल्डला शून्याच्या आसपास दाखवतो. तो मीटर काही महाग नसतो, घरात एक असावाच.

डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात ५ लिटरच्या कॅनमध्ये मिळतं, सगळे त्याला बॅटरीचं पाणीच म्हणतात. घेताना लेबल नीट वाचा, कारण त्याच दुकानात बॅटरीत घालायचं अ‍ॅसिड पण तसल्याच कॅनमध्ये असतं. आणि बरेच जण इन्व्हर्टरला एसीच्या पाइपातून गळणारं पाणी साठवून वापरतात, ते इथं अजिबात नको, त्यात कॉइलवरची धूळ आणि जंतू असतात आणि लूपमध्ये शेवाळ धरायला तेवढं पुरतं.

सगळ्यात जास्त वेळ रेडिएटरला द्या, खरी घाण तिथंच असते. पाणी गरम करा पण उकळतं नको, साधारण ६० डिग्री म्हणजे हात घातला तर चटका बसेल एवढं, हातात रबरी मोजे घाला कारण तांबं-पितळ लगेच तापतं. रेडिएटर अर्धाच भरा, हे महत्त्वाचं आहे, पूर्ण भरला तर आत पाणी हलायला जागाच राहत नाही आणि घाण सुटत नाही. सगळ्या होलांना स्टॉप प्लग (बुचं) लावा, फार घट्ट आवळू नका, आणि मग दोन्ही हातांनी धरून एक-दोन मिनिटं जोरात हलवा, उभा, आडवा, उलटा. थोडा वेळ तसाच ठेवा, परत हलवा आणि पाणी स्टीलच्या पसरट ताटात ओता, सिंकमध्ये डायरेक्ट ओतलं तर काय निघालं ते कळणारच नाही. पहिल्या पाण्यात काळपट-हिरवट कण, बारीक चकाकणारा चुरा, कधी तेलकट तवंग दिसेल. दुसऱ्या वेळी पाणी दुसऱ्या होलातून ओता, म्हणजे कोपऱ्यात अडकलेलं पण निघेल. असं किती वेळा करायचं तर पाणी स्वच्छ येईपर्यंत, स्वस्त रेडिएटरला जास्त वेळा लागतं. नुसत्या डोळ्यावर विश्वास ठेवू नका, शेवटचं पाणी पांढऱ्या सुती कापडातून गाळा, कापडावर एक कण जरी दिसला तरी अजून एक हात. हे करताना बाहेरच्या नाजूक जाळीवर बोटं दाबली जातात आणि पाती वाकतात, म्हणून दोन्ही बाजूला पुठ्ठा लावून धरा.

व्हिनेगर घालावं का? पूर्ण तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल आणि गरम पाण्यानं पण घाण थांबत नसेल तर पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून पंधरा-वीस मिनिटं ठेवता येतं, नंतर मात्र वास पूर्ण जाईपर्यंत धुवावं लागतं. पण ते निकेल प्लेटिंगच्या ब्लॉकला किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या कुठल्याही पार्टला लावायचं नाही, प्लेटिंगची वाट लागते. मेहेम्स ब्लिट्झसारखं लूप धुवायचं तयार किट मिळालं तर त्यातलं पहिलं लिक्विड फक्त रेडिएटरसाठी असतं, ते अ‍ॅसिड आहे, मोजे आणि चष्मा घालूनच हाताळा आणि लहान मुलांपासून लांब ठेवा. माझं प्रामाणिक मत सांगतो, बहुतेक वेळा गरम पाणी आणि हाताची मेहनत एवढ्यावर काम होतं. आणि अ‍ॅल्युमिनियमचा विषय निघालाच आहे तर, अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक एकाच लूपमध्ये लावूच नका, दोन वेगळे धातू एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं, त्यावर कितीही धुतलं तरी इलाज नाही.

ब्लॉक नवा असेल तर मी तो उघडायच्या बाजूनं नाही. ओ-रिंग (पाणी गळू नये म्हणून असलेली रबरी कडी) खाचेतून सरकली किंवा स्क्रू कमी-जास्त आवळले गेले तर लीकची भीती, शिवाय वॉरंटीचा प्रश्न. एका होलातून कोमट डिस्टिल्ड वॉटर सोडायचं, दुसऱ्यातून काढायचं, मग उलट दिशेनं, बास.

रिझर्वॉयर, म्हणजे लूपचं पाणी साठवायची छोटी टाकी, बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचा असतो, त्याला गरम पाणी नको आणि स्पिरिट, आयसोप्रोपिल तर मुळीच नको, अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात आणि ते नंतर दिसतात. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ हातानं फिरवा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा, कारण उरलेला साबण पंपात गेला की फेसच फेस. ट्यूबमधून पण कोमट पाणी दोन-तीनदा सोडा. पीईटीजी या प्लॅस्टिकची कडक ट्यूब असेल तर गरम पाण्यात टाकू नका, ती वाकते, आणि कापल्यावर कडेचा बुरा काढून मगच धुवा. फिटिंग (ट्यूब जोडायचे जोड) एका वाटीत कोमट पाण्यात टाकून हलवा, ओ-रिंग बघून घ्या, कापलेली किंवा चपटी झालेली असेल तर बदला.

आता वाळवायचं. इथं सोलापूरकरांचा हात आपोआप टॉवेलकडं जातो, आपल्या घरात टेरी टॉवेलला काय कमी आहे, पण नव्या टॉवेलचे धागे सुटतात आणि तेच धागे ब्लॉकच्या जाळीत जाऊन बसतात. बाहेरून पुसायला मायक्रोफायबर किंवा चार वेळा धुतलेलं जुनं सुती कापड घ्या, आतून काहीच घालू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसी किंवा पूर्व भागात राहत असाल, शेजारी यंत्रमाग असेल, तर हवेत कापसाचं बारीक तूस सतत असतं, म्हणून धुतलेले पार्ट गच्चीवर उघडे वाळत घालू नका, रेडिएटरला लगेच प्लग लावा आणि बाकीचं झाकणाच्या डब्यात ठेवा. आत थोडं पाणी राहिलं तर राहू द्या, शेवटचं धुणं डिस्टिल्डनं झालंय ना, मग काही बिघडत नाही.

सगळं जोडल्यावर लगेच कूलंट ओतू नका. आधी डिस्टिल्ड वॉटर भरा आणि २४ तास नुसता पंप फिरवा. बोर्डाची, ग्राफिक्स कार्डाची पॉवर काढलेली पाहिजे, पीएसयू (पॉवर सप्लाय) फक्त पंपाला, त्यासाठी २४ पिनचा जंपर प्लग मिळतो तो लावा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा, ओला झाला की लीक कुठं आहे ते लगेच कळतं. पंप कोरडा फिरवायचा नाही, एक मिनिट पण नाही, त्याच्या बेअरिंगला पाणीच वंगण असतं, म्हणून रिझर्वॉयर रिकामा व्हायला लागला की बंद करा, भरा, परत चालू. लाइट जायचा भरवसा नसतो, लाइट गेली तर आल्यावर लेव्हल बघून मगच सुरू करा. २४ तासांनी पाणी काढून परत पांढऱ्या कापडातून गाळा. कापड स्वच्छ निघालं तर कूलंट भरा, नाहीतर अजून एकदा डिस्टिल्ड. एका रेडिएटरच्या लूपला साधारण एक लिटर लागतं, म्हणून कॅन घेतानाच दोन घ्या, मधेच संपलं की माणूस आरओचं ओतून मोकळा होतो.