हसू का आले, हे कसे तपासावे

एखाद्या किश्शावर सगळी बैठक पोट धरून हसते आणि तोच किस्सा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मंडळींना सांगितला की कोणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. असे का होते, हे शोधायला निघालेल्या वाचकाच्या हाती बहुधा सिद्धान्तांची एक यादी पडते: श्रेष्ठत्वाचा सिद्धान्त, विसंगतीचा सिद्धान्त, तणावमुक्तीचा सिद्धान्त. मग त्यांतला खरा कोणता, यावर वाद सुरू होतो. हा वाद मला निष्फळ वाटतो, कारण हे सिद्धान्त मुळात वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तरे देतात. विसंगतीचा विचार विनोदाची घडण उलगडतो. मर्यादेचे उल्लंघन आणि त्याचा निर्धोकपणा यांचा, या यादीत सहसा नसलेला विचार ती घडण कोणत्या अटीवर हसवते ते सांगतो. श्रेष्ठत्वाचा विचार हसण्याचा रोख कोणाकडे आहे ते दाखवतो. आणि या सगळ्यांच्या आधी, त्या जागी विनोद होता तरी का, हे पाहावे लागते. प्रश्न या क्रमाने विचारले, तर जेवणाच्या पंगतीतले साधे हसूही बऱ्याच अंशी समजून घेता येते.

आधी हसणे टिपावे

तपासाची सुरुवात विनोदापासून न करता हसण्यापासून करावी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने बाजारपेठा, पदपथ, विद्यापीठाचे आवार अशा ठिकाणी सहज चाललेल्या संभाषणांतले हसण्याचे 1200 प्रसंग टिपले. त्यांना असे आढळले की, हसण्याच्या लगेच आधी उच्चारलेल्या वाक्यांपैकी फार तर 20 टक्के वाक्ये विनोदी म्हणण्यासारखी होती. बाकीची ‘बरं, भेटू मग’, ‘नक्की ना?’ अशा धर्तीची, कागदावर लिहिली तर अगदी कोरडी वाटणारी होती. शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा स्वतःच 46 टक्के अधिक वेळा हसत होता, आणि माणूस एकटा असतानापेक्षा सोबतीत सुमारे 30 पट अधिक हसतो, असेही त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. याचा अर्थ असा की, बोलण्यातले बहुतेक हसू हे परस्परांशी जवळीक राखण्याचे साधन असते आणि त्यात विनोद शोधत बसणाऱ्याला काहीच सापडत नाही.

म्हणून एक वही करावी. हसण्याच्या लगेच आधीचे वाक्य शक्यतो जसेच्या तसे लिहावे. ते कोण बोलले, आधी कोण हसले, कोण उशिरा हसले, कोण हसलेच नाही आणि या माणसांचे एकमेकांशी नाते काय, हेही नोंदवावे. यांतली न हसलेल्या माणसाची नोंद सर्वांत मोलाची असते आणि नेमकी तीच राहून जाते. नोंद त्याच दिवशी करावी, कारण रात्र उलटली की आपण आठवणीतल्या वाक्याला नकळत अधिक विनोदी करून ठेवतो. लोकांचे बोलणे चोरून ध्वनिमुद्रित करू नये. त्याची गरजही पडत नाही.

हसण्याची तीव्रता लिहायला भरताच्या नाट्यशास्त्राइतकी चांगली मोजपट्टी मला दुसरीकडे आढळलेली नाही. तिथे हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मितात गाल किंचित फुलतात पण दात दिसत नाहीत; हसितात चेहरा आणि डोळे उमलतात व दात थोडे दिसतात; विहसितात डोळे व गाल आकसतात आणि गोड आवाज उमटतो; उपहसितात नाकपुड्या फुगतात, नजर तिरकी होते, खांदे व मान झुकतात; अपहसितात अवेळी हसू फुटते, डोळ्यांत पाणी येते, खांदे आणि डोके गदगदा हलते; अतिहसितात आवाज चढतो आणि हात आपोआप बरगड्यांवर जातात. भरताने यांतले दोन-दोन प्रकार उत्तम, मध्यम आणि अधम प्रकृतीच्या पात्रांना वाटून दिले आहेत. ती उतरंड आपण घेण्याचे कारण नाही, परंतु शरीराचे हे निरीक्षण आजही वहीत उतरवावे इतके नेमके आहे. ‘सगळे हसले’ असे लिहिण्यापेक्षा ‘दोघांचे विहसित, एकाचे स्मित, एकाची नजर तिरकी’ असे लिहिले की पुढचा निम्मा तपास सोपा होतो.

विनोदाविना हसू टिकते याचा एक ठळक पुरावा मुंबईतच घडला. डॉ. मदन कटारिया यांनी मार्च 1995 मध्ये एका बागेत अवघ्या पाच जणांसह हास्यक्लब सुरू केला, तेव्हा आरंभी मंडळी एकमेकांना विनोद सांगत असत. थोड्याच दिवसांत विनोदांचा साठा संपला, काही विनोद बोचू लागले, आणि मग विनोद वगळून नुसतेच हसण्याचा प्रकार सुरू झाला. समोरासमोर उभी राहिलेली माणसे एकमेकांकडे पाहून हसत, आणि ओढूनताणून आणलेले हसू काही क्षणांत खरे होई. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी बागांत सकाळी जे हसू ऐकू येते, ते याच प्रकारचे आहे. वहीतल्या नोंदी चाळताना असे सोबतीचे हसू आधी बाजूला काढावे. उरतील त्या नोंदींत खरोखर विनोद असतो आणि पुढचे प्रश्न फक्त त्यांनाच विचारावेत.

मग घडण उकलावी

नमुना म्हणून हा संवाद घेऊ.

‘डॉक्टर, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही.’
‘काम काय करता?’
‘रात्रीचा पहारेकरी आहे.’

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्टने 1790 मध्ये म्हटले होते की, ताणलेली अपेक्षा अचानक शून्यात विरली की हसू येते. इथे अपेक्षा विरते हे खरे, परंतु ती शून्यात जात नाही. तिच्या जागी दुसरे काहीतरी चपखल येऊन बसते. मानसशास्त्रज्ञ जेरी सल्स यांनी 1972 मध्ये मांडलेले दोन टप्प्यांचे प्रारूप म्हणूनच अधिक उपयोगी पडते: आधी धक्का, आणि मग त्या धक्क्याला अर्थ देणारा एखादा नियम सापडणे. भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर रॅस्किन यांनी 1985 मध्ये हीच गोष्ट अर्थाच्या अंगाने मांडली. एकच मजकूर दोन परस्परविरोधी आराखड्यांत बसत असतो. ऐकणारा पहिला आराखडा धरून चालतो आणि शेवटचे वाक्य त्याला दुसऱ्यात नेऊन सोडते. आपल्या नमुन्यात पहिला आराखडा आजाराचा आहे आणि दुसरा नोकरीतल्या कर्तव्याचा.

हे आपल्या नमुन्यावर पडताळायचे असेल तर शेवटचे वाक्य झाकून, आपण कोणत्या उत्तराची वाट पाहत होतो ते प्रामाणिकपणे लिहून काढावे. अपेक्षाच लिहिता येत नसेल, तर त्या विनोदाचे बळ घडणीत नाही, सांगणाऱ्याच्या चेहऱ्यात किंवा आवाजात आहे, असे समजावे. नंतर वाक्यांचा क्रम बदलावा. ‘मी रात्रीचा पहारेकरी आहे, त्यामुळे रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही’ या वाक्यात माहिती तितकीच आहे, पण हसू नाहीसे झाले. त्यानंतर बिजागरी शोधावी, म्हणजे दोन्ही आराखड्यांना एकाच वेळी धरून ठेवणारा शब्दप्रयोग. ‘डोळ्याला डोळा लागत नाही’ याऐवजी ‘मला निद्रानाशाचा विकार आहे’ असे लिहून पाहिले की दुसरा आराखडा बंद होतो आणि सगळा संवाद कोसळतो; अर्थात बिजागरी तिथेच होती.

एक गोष्ट मात्र सिद्धान्तांच्या गडबडीत निसटते. जागे राहणे हेच ज्याचे काम, तो त्याची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे आलाच कशाला? उलगडा झाल्यावरही ही विसंगती शिल्लक राहते. कोड्याचे उत्तर सापडले की समाधान होते, हसू फुटत नाही. विनोदात उत्तर सापडूनही काहीतरी न जुळणारे मागे उरते आणि मला वाटते, दुसऱ्यांदा ऐकतानाही हसू येते ते या उरलेल्या भागामुळे. नमुन्यातला हा शेष भाग वहीत एका वाक्यात लिहावा. तो लिहिता आला तरच घडण खऱ्या अर्थाने उकलली.

कोणती मर्यादा मोडली आणि ती कोणासाठी निर्धोक आहे

विसंगती म्हणजे केवळ तर्काची चूक नव्हे. काश्मिरी पंडित अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील टीकेत हास्याचे मूळ अनौचित्यात सांगितले आहे. कोणताही रस अनुचित ठिकाणी योजला की त्याचे पर्यवसान हास्यात होऊ शकते, हे त्याचे म्हणणे फार दूरवर पोहोचणारे आहे. औचित्य समाजाचे असते, त्यामुळे विनोद उकलणाऱ्याला त्या मंडळींचे उचित काय ते आधी माहीत असावे लागते. ॲरिस्टॉटलने दुसरी अट सांगितली: हास्यास्पद गोष्ट म्हणजे वेदना किंवा नाश न घडवणारी चूक किंवा कुरूपता. हे दोन विचार जोडले की पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरेन या संशोधकांनी 2010 मध्ये मांडलेला सिद्धान्त जवळजवळ हाती येतो: काहीतरी मर्यादा मोडली जाते, ती मोडणे निर्धोक वाटते, आणि या दोन जाणिवा एकाच वेळी होतात.

याची चाचणी दुसऱ्या नमुन्यावर घेऊ.

‘डॉक्टर, रात्री बसल्या बसल्या डोळा लागतो.’
‘मग चांगलंच आहे की! अडचण काय?’
‘मागून प्रवासी ओरडतात.’

घरात बसून वाचणारा हसेल. त्याच रात्री घाटातून बसने जाणारा प्रवासी कदाचित हसणार नाही आणि ज्याच्या घरी असा अपघात झाला आहे त्याला हा संवाद ऐकवणे क्रूरपणाचे होईल. मजकूर तोच, घडण तीच. बदलले ते धोक्यापासूनचे अंतर. अंतराचा परिणाम नेहमी एकाच दिशेने होत नाही, हे मॅकग्रॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवले: मोठी आपत्ती काळाने किंवा नात्याने दूर गेल्यावर हसण्याजोगी होऊ शकते, परंतु पाय घसरण्यासारखी बारीक फजिती जवळची आणि ताजी असतानाच हसवते, महिन्याभराने तिच्यात काही उरत नाही. म्हणून वहीत प्रत्येक नमुन्यापुढे दोन वाक्ये लिहावीत: कोणती मर्यादा मोडली, आणि उपस्थितांपैकी प्रत्येकासाठी ती किती जवळची होती. न हसलेल्या माणसाचे कारण बहुतेक वेळा दुसऱ्या वाक्यात सापडते. त्याला विनोदबुद्धी नाही, असा शेरा मारण्याआधी हे दुसरे वाक्य अवश्य भरावे.

रोख कोणाकडे

इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने 1651 मध्ये हसण्याला आकस्मिक गर्व म्हटले; दुसऱ्याचे व्यंग पाहून माणूस स्वतःचीच पाठ थोपटतो, असा त्याचा विचार होता. तत्त्वज्ञ फ्रान्सिस हचेसनने 1725 मध्ये त्यावर मार्मिक प्रतिप्रश्न केला: तसे असते तर लोकांनी घरात मांजरे, कुत्री आणि पक्षी पाळण्याऐवजी गाढवे, घुबडे आणि गोगलगायी हसण्यासाठी पाळल्या असत्या. श्रेष्ठत्वाने सगळे हसू उलगडत नाही, हे यावरून पुरेसे स्पष्ट होते. तरीही हॉब्जला सोडून देता येत नाही, कारण पुष्कळ विनोदांना खरोखरच एक बळी असतो. हसताना हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, हे फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँचे 1900 मधले निरीक्षण इथे आठवावे.

रोख ओळखण्यासाठी अदलाबदलीची चाचणी घ्यावी. मोबाइलवरून फिरणाऱ्या नवरा-बायकोच्या विनोदांपैकी एखादा घ्यावा आणि दोघांच्या जागा बदलून पाहावे. विनोद तसाच टिकला, तर ती माणसे केवळ निमित्त होती. तो कोसळला, तर तो एखाद्या गृहीतकावर उभा होता. ते गृहीतक साध्या विधानाच्या रूपात लिहून काढावे, म्हणजे ‘बायका वायफळ खर्च करतात’ किंवा ‘अमुक गावचे लोक चिक्कू असतात’ असे. विनोदाच्या आडोशाने आपण ते मान्य केले होते, हे कागदावर दिसू लागते. गावाच्या, जातीच्या, व्यवसायाच्या नावावरचे विनोद या चाचणीतून अवश्य न्यावेत. ही चाचणी मला सर्वांत आवश्यक वाटते, कारण घडण सुबक असली की रोखाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये विनोदाच्या चार शैली वेगळ्या केल्या, त्या नोंदीपुढे लिहायला सोयीच्या आहेत: माणसे जोडणारी, संकटात स्वतःला सावरणारी, दुसऱ्याला ओरखडणारी आणि इतरांची मर्जी राखण्यासाठी स्वतःलाच कमी लेखणारी. दुसरी आणि चौथी शैली दुरून सारखीच दिसते. बोलणारा हसून झाल्यावर मोकळा झाला की आणखी आक्रसला, हे पाहिल्याखेरीज त्यांतला फरक कळत नाही.

तणावमुक्तीच्या सिद्धान्तावर फार वेळ घालवू नये. हर्बर्ट स्पेन्सरने 1860 मध्ये साठलेली चेताशक्ती हसण्यावाटे बाहेर पडते असे मांडले, फ्रॉइडने 1905 मध्ये त्याला मनोविश्लेषणाची जोड दिली. शक्ती साठण्याची ती कल्पना आज कोणी शब्दशः घेत नाही. परीक्षेच्या दालनात, दवाखान्याच्या रांगेत किंवा शोकसभेत अवेळी फुटणाऱ्या हसूपुढे मात्र ‘ताण’ अशी खूण जरूर करावी, म्हणजे त्यात विनोद शोधण्याचा व्यर्थ खटाटोप टळतो.

एका नोंदीवरून माणसाच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढू नये. तोच किस्सा निदान तीन वेगळ्या मंडळींत कसा उतरला हे टिपावे आणि तुलना करताना एका वेळी एकच गोष्ट बदलेल असे पाहावे: कधी सांगणारा, कधी ऐकणारे, कधी शेवटचे वाक्य. काही नोंदी यांतल्या कोणत्याच प्रश्नाला दाद देणार नाहीत. आई पदराआडून डोकावते आणि तान्हे मूल खिदळते, तिथे कोणतीही मर्यादा मोडलेली नसते, कोणाकडे रोख नसतो, आणि कान्टच्या म्हणण्याच्या अगदी उलट, मुलाची अपेक्षा तंतोतंत पूर्ण झालेली असते. अशा नोंदींसाठी वहीत स्वतंत्र पान ठेवावे आणि त्यांपुढे सिद्धान्ताचा रकाना रिकामा सोडावा.