ॲक्टिनचे जाळे मोजताना या चुका टाळा

पेशीतील ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे किती कडक असते हे रिओमीटरवर, म्हणजे मऊ नमुना पिळून त्याचा कडकपणा सांगणाऱ्या यंत्रावर, मोजायला येणारा प्रत्येक नवा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात आलेख मागतो, आणि त्या घाईतून होणारी एक चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता आकड्याआधी मी नमुन्याच्या कडेची चौकशी करतो.

ॲक्टिनचे द्रावण हवेला भिडते तेथे, दुधावर साय धरावी तसा, प्रथिनाचा पातळ पण ताठ थर धरतो. नमुना शंकू आणि तबकडी यांच्यामध्ये धरून पिळतात; या रचनेत बलाघूर्ण, म्हणजे पिळायला लागणारा जोर, त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे त्रिज्येचा बाहेरचा 10 टक्के पट्टा एकटाच सुमारे 27 टक्के बलाघूर्ण देतो, आणि साय नेमकी तेथेच असते. छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या एप्रिलमध्ये त्यात कडा वाळण्याची भर पडते. आमच्या एका विद्यार्थ्याने मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 24 मायक्रोमोलर, शुद्ध ॲक्टिन लावले होते. तंतू एकमेकांना बांधणारे प्रथिन नसेल तर असे जाळे एका पास्कलच्या (कडकपणाचे एकक) आसपास किंवा त्याहूनही मऊ भरते; त्याचा आकडा मात्र दुपारभर चढत 40 वर गेला आणि त्याने वहीत ‘जाळे पक्के होत आहे’ असे लिहूनही टाकले. शंकू उचलला तेव्हा कडेचा पापुद्रा सोबत आला, आणि तीन आठवड्यांच्या नोंदी बाद झाल्या. तेव्हापासून कडेभोवती सौम्य सर्फॅक्टंट (साबणासारखा पदार्थ) फिरवल्याशिवाय आणि ओल्या टिपकागदासह झाकण बसवल्याशिवाय मी मोजणी सुरू करू देत नाही.

तयार झालेले तंतू पिपेटने उचलून यंत्रावर सोडणे ही दुसरी चूक. अवघे 7 नॅनोमीटर जाडीचे हे तंतू बारीक टोकातून जाताना तुटतात. टोक कापून घेतले की भागते, हा शॉर्टकट मला अपुराच वाटतो. बर्फावरच्या, अजून तंतू न झालेल्या सुट्या ॲक्टिनमध्ये तंतू बनवणारे पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मिसळून ते लगेच तबकडीवर घ्यावे आणि विरजण लावलेल्या भांड्यासारखे तासभर हलवू नये.

पहिले मापन 1 टक्क्याच्या आसपासच्या विकृतीवर, म्हणजे नमुना इतपतच ताणून, घ्यावे, कारण बांधलेले जाळे ताणल्यावर आधी कडक होते आणि मग फाटते. द्रावणाला फेस येऊ देऊ नये. शुद्धीकरणात जेल फिल्ट्रेशनची, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करण्याची, पायरी वाचवू नये. तंतूंची टोके झाकणारी प्रथिने किंचित जरी उरली, तरी तंतू आखूड राहतात आणि दोन बॅचचे आकडे जुळत नाहीत.