पावसाआधी आपला मातीचा बांध कसा तपासावा

आमच्या ओढ्यावरचा बांध आजोबांनी घातला; पोटात काळी माती, बाहेरून मुरूम. मृगाआधी मी पायथ्याने अनवाणी चालतो. ओल पायाला आधी कळते.

थोडा पाझर असणारच. ते पाणी काचेच्या ग्लासात धरा. नितळ असेल तर जागेवर खुंटी ठोकून रोज बघा. गढूळ असेल तर बांधाची माती आतून वाहते आहे. तिथे चिखल थापून तोंड बंद करू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. आधी वाळू, वर खडी, वर दगड घाला. पाणी निघतं, माती अडते. खालच्या वस्तीला लगेच सांगा, अभियंत्याला बोलवा. तळं हळूहळूच उतरवा, एकदम रिकामं केलं तर आतला ओला उतार घसरतो.

बाभळीचं रोप हाताने निघतं तेव्हाच उपटा. घुशींची बिळं खणून, माती ठासून बुजवा.

सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, जाळी मात्र कधीच नको, मासे गेले तर जाऊ देत. अमेरिकेतलं साउथ फोर्क धरण एका खासगी क्लबचं होतं. माथा खाली आणलेला, सांडव्यावर मासे अडवायच्या जाळ्या. ३१ मे १८८९ ला पाणी माथ्यावरून गेलं, बांध फुटला आणि खाली जॉन्सटाउन परिसरात २,२०९ माणसं गेली. मी सांडव्यातला पालापाचोळा पावसाळाभर दर आठवड्याला स्वतः काढतो.