अनिश्चिततेच्या काळात समभाग कसे निवडावेत: मूल्याधारित खरेदीची पूर्वतयारी

4 जून 2024 रोजी लोकसभेच्या मतमोजणीचे कल येऊ लागले तसा सेन्सेक्स घसरत गेला आणि दिवसअखेर सुमारे 4,390 अंक गमावून 72,079 वर बंद झाला. आदल्याच दिवशी मतदानोत्तर चाचण्यांच्या भरवशावर तो अडीच हजार अंकांनी वर चढला होता. 7 जूनला बंद होताना तो 76,693 वर, म्हणजे 3 तारखेच्या पातळीच्याही वर होता. मे 2004 मध्येही सत्तांतराच्या धसक्याने एका दिवसात सेन्सेक्स 11 टक्के पडला, व्यवहार दोनदा थांबवावे लागले, आणि 4,505 वर आलेला तो निर्देशांक त्याच वर्षाअखेर 6,600 च्या आसपास होता. अशा पडझडीत भाव बदलतात. कंपन्यांची विक्री, कर्ज आणि नफा मात्र जवळपास जागच्या जागी असतात. मूल्याधारित खरेदी या फरकावरच उभी असते: धंद्याचे मूल्य आधी काढायचे आणि भाव त्याच्या बराच खाली आला तरच समभाग घ्यायचा.

सगळीच राजकीय अनिश्चितता या जातीची नसते. काही सरकारी निर्णय थेट नफ्यालाच हात घालतात, आणि ते ओळखता आल्याशिवाय पडलेल्या बाजारात खरेदीला उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण साखर उद्योगाचे आहे. 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने उसाचा रस आणि पाक यांपासून इथेनॉल तयार करण्यावर त्या पुरवठा वर्षापुरती बंदी घातली. आठवडाभरात ती मर्यादित प्रमाणात शिथिल झाली आणि पुढच्या वर्षासाठी निर्बंध उठले. पण मधल्या काळात, व्याज सवलतीच्या योजनेतून कर्ज काढून आसवनी (इथेनॉल गाळण्याचे) प्रकल्प उभारलेल्या कारखान्यांचे गणित विस्कटले. व्याजाचे मीटर चालू आणि कच्चा माल वापरण्यास मनाई, अशी ती कोंडी होती.

या उद्योगाचे अर्थकारण नीट पाहिले तर जोखीम कुठे आहे ते कळते. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव, केंद्र सरकार ठरवते. ती 2019-20 च्या हंगामात क्विंटलला 275 रुपये होती, 2024-25 मध्ये 340 झाली. साखरेची किमान विक्री किंमत मात्र फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरली ती या संपूर्ण काळात तशीच राहिली. दरमहा किती साखर बाजारात आणायची याचा कोटा सरकार देते, निर्यातीलाही परवानगी लागते आणि इथेनॉलचा खरेदी दरही सरकारच जाहीर करते. अशा कंपनीचा समभाग वार्षिक कमाईच्या आठपट भावाला मिळत असला, तरी तो स्वस्त आहे असे लगेच म्हणता येत नाही. पोलाद कंपन्यांनीही हा अनुभव घेतला आहे: 22 मे 2022 पासून अनेक पोलाद उत्पादनांच्या निर्यातीवर 15 टक्के शुल्क लागले आणि ते नोव्हेंबरमध्ये मागे घेतले गेले. म्हणून ज्या कंपन्या घ्यायचा विचार आहे त्यांची यादी करून प्रत्येकीपुढे एक प्रश्न लिहून ठेवावा: हिच्या मालाची किंमत, कच्चा माल, निर्यात किंवा परवाना यांपैकी काय एका अधिसूचनेने बदलू शकते? उत्तर लांबलचक निघाले, तर खरेदीचा भाव त्या प्रमाणात खाली धरावा किंवा ती कंपनी सोडून द्यावी.

आता भाव ठरवण्याकडे येऊ. हे काम बाजार शांत असताना, वही घेऊन करायचे असते. वृत्तवाहिन्यांवर लाल पट्ट्या धावत असताना ते नीट होत नाही. एका काल्पनिक कंपनीची सात वर्षांची प्रति समभाग कमाई अनुक्रमे 18, 22, 9, 14, 26, 31 आणि 27 रुपये आहे असे समजा. समभागाचा भाव 420 रुपये आहे. शेवटच्या वर्षाच्या कमाईवर पी-ई गुणोत्तर (भाव भागिले प्रति समभाग कमाई) साडेपंधरा येते आणि समभाग वाजवी वाटतो. सातही वर्षांची सरासरी काढली, तर कमाई 21 रुपये निघते आणि तेच गुणोत्तर 20 होते. मी सरासरीच धरतो, कारण 9 रुपयांचे वाईट वर्ष पुन्हा येणार नाही असे मानायला काहीच आधार नसतो. या धंद्याच्या वाढीचा वेग आणि सरकारी कर्जरोख्यांवर मिळणारे व्याज पाहता 15 पट हा योग्य गुणक वाटला, तर समभागाचे मूल्य 315 रुपये ठरते. आपल्या अंदाजातच चूक असू शकते, म्हणून त्यातून 30 टक्के मार्जिन ऑफ सेफ्टी, म्हणजे चुकीसाठी राखलेली सूट, वजा केले की खरेदीचा भाव साधारण 220 येतो. एखाद्या राजकीय धक्क्याने भाव 420 वरून 340 वर आला, तर 19 टक्के सूट मिळाल्याचा भास होईल. वहीतले गणित मात्र थांबायला सांगत असते. चक्राकार धंद्यांत, म्हणजे जिथे तेजी-मंदी आळीपाळीने येते त्या पोलाद, साखर, सिमेंट अशा ठिकाणी, हा फरक विशेष जपावा, कारण तिथे कमाई शिखरावर असतानाच पी-ई सर्वांत कमी दिसतो.

भाव ठरला तरी ताळेबंद वाचणे उरतेच. पाच-सात वर्षांचा एकत्रित नफा आणि त्याच काळात व्यवसायातून प्रत्यक्ष आलेली रोख शेजारी शेजारी मांडावी. रोख सतत निम्म्यावर राहत असेल, तर उधारी किंवा साठा कुठेतरी तुंबला आहे. सर्वांत वाईट वर्षातही व्याजाच्या किमान तीन-चार पट परिचालन नफा (व्याज आणि कर वजा करण्याआधीचा, धंद्यातून झालेला नफा) असावा. परकीय चलनातले कर्ज किती आणि त्यातले किती हेज केलेले (विनिमय दर आधीच करार करून बांधून घेतलेले) आहे, हे रुपया घसरू लागला की महत्त्वाचे ठरते. प्रवर्तकांनी (कंपनीच्या संस्थापक-मालकांनी) कर्जासाठी तारण ठेवलेल्या समभागांचे प्रमाण दर तिमाहीच्या भागधारणा तक्त्यात मिळते, आणि पडत्या बाजारात हेच तारण सावकारांकडून विकले जाऊन भाव आणखी खाली ओढते. रोख रकमेवर मिळालेले व्याज त्या रकमेशी जुळते का आणि हाती एवढी रोख असताना कंपनी कर्ज का काढते, हेही विचारावे. जानेवारी 2009 मध्ये सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली तेव्हा ताळेबंदातल्या रोख व बँक शिलकीपैकी 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. वार्षिक अहवालात अध्यक्षांचे मनोगत शेवटी वाचले तरी चालेल. लेखापरीक्षकांचा अहवाल आणि संभाव्य दायित्वांची, म्हणजे खटले किंवा हमी यांतून पुढे अंगावर येऊ शकणाऱ्या देण्यांची, टीप आधी वाचावी. हे सर्व बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळते. समाजमाध्यमांवरच्या ‘टिप’साठी पैसे मोजण्याची काही गरज नाही.

पैशांची व्यवस्था थोडक्यात सांगतो. वर्षभराचा घरखर्च आणि तीन-चार वर्षांत लागणारी शिक्षणाची, लग्नाची किंवा घराची रक्कम यात आणू नये. कर्ज काढून अथवा मार्जिनवर, म्हणजे दलालाच्या उसन्या पैशावर, समभाग घेऊ नयेत. एका कंपनीत आठ-दहा टक्क्यांहून अधिक आणि सरकारी निर्णयांवर अवलंबून असलेल्या सर्व कंपन्यांत मिळून पंचवीस टक्क्यांहून अधिक रक्कम असू नये. हे आकडे माझ्या पसंतीचे आहेत, प्रत्येकाने आपापले ठरवावेत.

प्रत्यक्ष घसरणीच्या दिवशी मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला खरेदी) टाळून लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या भावापर्यंतच खरेदी) द्यावी, कारण घबराटीत खरेदी-विक्रीच्या भावांतले अंतर रुंदावते. निर्देशांक दुपारी एकच्या आत 10 टक्के हलला की व्यवहार 45 मिनिटे थांबतात; 23 मार्च 2020 रोजी तसे झाले आणि पुन्हा सुरू झाल्यावर सेन्सेक्स आणखी घसरून एकूण 13 टक्के खाली, 25,981 वर बंद झाला. त्यामुळे ठरवलेली रक्कम तीन हप्त्यांत विभागावी: पहिला हप्ता वहीतल्या भावाला, दुसरा त्याखाली साधारण 15 टक्क्यांवर आणि तिसरा पुढचे तिमाही निकाल पाहून. निकाल तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत, तर वार्षिक निकाल 60 दिवसांत जाहीर करावे लागतात, तेव्हा ही वाट फार लांबची नसते.

विक्रीचे कारण खरेदीच्या दिवशीच लिहून ठेवावे: अमुक इतके कर्ज वाढले, लेखापरीक्षकाने मुदतीआधी राजीनामा दिला, तारण वाढले, किंवा धोरणबदल तात्पुरता न राहता कायमचा झाला, तर विकायचे. नुसता भाव पडणे या यादीत नसावे. येस बँकेचा समभाग 2018 नंतर घसरत असताना तो पुस्तकी मूल्याच्या (ताळेबंदातली मालमत्ता वजा देणी) तुलनेत स्वस्त दिसत होता. पण ते पुस्तकी मूल्यच थकीत कर्जांवर उभे होते. मार्च 2020 मध्ये बँकेवर निर्बंध आले आणि पुनर्रचनेत शंभरहून अधिक समभाग असलेल्यांचे 75 टक्के समभाग तीन वर्षांसाठी गोठवले गेले. अशा वेळी विकायचे ठरवले तरी विकता येत नाही, म्हणून बँका आणि वित्तसंस्थांच्या बाबतीत थकीत कर्जाचा पहिला मोठा धक्का निकालांत दिसला, की सरासरी भाव खाली आणण्यासाठी दुसरा हप्ता घालू नये.